ऊर्फ अमोनिया

नकाराचं पत्र दोन पानी, अदबशीर.
परिच्छेद चार : अर्जदाराच्या सध्याच्या नोकरीची
खातरजमा होऊ शकली नाही.
परिच्छेद सहा : अपिलासाठी अठ्ठावीस दिवस.
त्यातले पाच दिवस पत्र स्पॅममध्येच पडून होतं.

परिच्छेद चार कसा घडला ते मला नंतर कळलं.
मे महिना, दुपारचे तीन,
कळमन्याच्या कोल्ड स्टोरेजचा फोन वाजला.
दुर्योधनकाकांनी उचलला.
पलीकडून कोणीतरी हिंदीत विचारलं,
हितेंद्र मोटघरे तुमच्याकडं कामाला आहेत का?
‘नाही जी. असा कोनी मानूस इथं नाही.’
आणि ठेवून दिला.

मी तेव्हा वीस पावलांवर होतो,
दोन नंबरच्या कॉम्प्रेसरखाली आडवा,
नाकाला ओला दुपट्टा बांधून
गळती शोधत.

काका खोटं बोलले नाहीत.
अकरा वर्षं त्यांनी मला एकाच नावानं हाक मारली :
ए अमोनिया.
खरं नाव मुनीमजींच्या रजिस्टरात,
आणि मुनीमजी त्या दिवशी भंडाऱ्याला, साळीच्या लग्नात.

साहेब,
वकील म्हणाले अपिलात भावना नको, मुद्दे लिहा.
म्हणून उरलेलं इथं लिहितो.
बाहेर सेहेचाळीस असतं
तेव्हा आत चार अंशांवर
भिवापुरी मिरचीची पोती निजलेली असतात,
रंग न सोडता.
तुमच्या अधिकाऱ्यानं शेरा मारलाय,
बर्फाच्या बंदरावर थंडी बनवायला
नागपूरहून माणूस कशाला?
हे वाचून मला हसू आलं, मग नाही आलं.
मासळीला हवामान चालत नाही, साहेब.
उणे पंचवीस म्हणजे उणे पंचवीस,
रात्रीही, आणि ऊन पडलं तरी.
कंपनीच्या बाईंनी चौदा महिने जाहिरात दिली,
एक जण आला, वासानंच परत गेला.
हा मुद्दा क्रमांक दोन. कात्रणं जोडली आहेत.

मुद्दा क्रमांक एक : काका.

कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली,
नोटरीच्या टेबलाशी ते उभे राहिले
पोराच्या साक्षगंधाला शिवलेला सफारी घालून.
टायपिस्टनं वाचून दाखवलं :
मी, दुर्योधन सीताराम नेवारे, वय एकसष्ट,
शपथेवर लिहून देतो की
हितेंद्र मोटघरे ऊर्फ अमोनिया
ही एकच व्यक्ती असून...
‘थांबा जी,’ काका म्हणाले.
‘मंग त्या दिवशी मी खोटं बोललो, असं होते का?’
नाही काका, तुम्हाला नाव माहीत नव्हतं, एवढंच होतं.
‘अकरा वर्सं?’
टायपिस्ट उगाच कार्बन सरळ करत राहिला.
मग काकांनी सही केली, एकेका अक्षरापाशी थांबत.
ऑटोचे पैसे घेतले नाहीत.
पारडीच्या पुलाखाली अडकलो तेव्हा म्हणाले,
‘मोटघरे म्हंजे कुठले बे तुम्ही?’
पवनीचे.
‘आमची मोठी बहीण पवनीलेच देली.’
त्यापुढं घरापर्यंत कोणी बोललं नाही.

कागद सव्विसाव्या दिवशी गेले.
मालकांनी दुसरं पत्र दिलं, तोंड वाकडं करून :
तू गेला तर मशीन कोन पाहीन?
तिकडून परत फोन येईल की नाही,
वकीलही सांगत नाहीत.
पण फोन वाजला की
काका स्टूल पाडून धावतात,
आणि मी कॉम्प्रेसरखालून ऐकतो :
मिरचीचा भाव विचारणाऱ्या व्यापाऱ्याला,
वीजवाल्याला,
चुकून लागलेल्या नंबरलाही
ते आधी सांगतात,
‘हितेंद्र मोटघरे? आहे जी.
इथंच आहे.’