पाण्याच्या रात्री

टाळूवर कवळीचाच नकाशा,
तेवढाच लाल, कडेला रेघ ओढल्यासारखा.
नरसव्वा गज्जम, वय एकाहत्तर, विडी घरकुल.
मी केसपेपरवर लिहिलं : कवळीखाली बुरशी.
"तिखट लागत न्हाई, नुसतं पेटतंय," म्हणाली.
"शेंगाचटणी बघून तोंड फिरवतेय मी. मी!"

दुसऱ्या खेपेला पदरातून पुडी काढली.
दारातल्या पेरूची पानं,
पण कात्रीनं कापलेली, चौकोनी,
शिरा काढून, पंचवीस-पंचवीसची जुडी.
पन्नास वर्षं तेंदूचं पान असंच कापलं,
हाताला दुसरा आकार येत नाही.
"उकळून चूळ भरते. तुमचं शास्तर काय म्हंतंय?"

शास्त्राला विचारावं म्हणून
तिच्या कवळीवरून कापसाचा बोळा फिरवला,
काचेच्या बशीत सारवला, चार भोकं पाडली :
लवंगेचं तेल, गवती चहाचं तेल,
पेरूचा काढा,
आणि एकात नुसतं पाणी.
दोन दिवसांनी बशीभर पांढुरकी साय,
शिळ्या पावासारखा वास.
लवंगेभोवती तेवढं ऐसपैस रिकामं,
गवती चहाभोवती जरा कमी,
पेरूभोवती नखाएवढी कड.

तिनं बशी खिडकीकडे धरली.
"चंद्राला खळं पडलंय."
मग पेरूकडे बघून, "ह्याचं ल्हान हाय. पण हाय."

मी म्हटलं, काचेत जमलं ते तोंडात जमेलच असं नाही,
तिथं लाळ आहे, भाकरी आहे.
तेल कच्चं लावू नका, भाजेल.
औषध देते ते लावा, काढा चुळीला असू दे.
पण रात्री कवळी काढून ठेवता ना?

ती गप्प.
कात्रीच्या घट्ट्यावरून अंगठा फिरवत राहिली.
"पाणी कवा येतंय म्हाइत हाय का तुमाला?
पाचव्या दिवशी. रात्री दोनला, कधी तीनला.
नळावर बारा घागरी, बारा तोंडं.
बोळक्या तोंडानं 'माझा नंबर' म्हटलं की
निसतं वारं जातंय, बया. कोण सरकत न्हाई."

या कारणाला केसपेपरवर रकाना नव्हता.

तह झाला :
चार रात्री कवळी वाटीत,
पाचवी तिची.

महिन्यानं आली. लाली कडेकडेनं मागे सरलेली,
मधे एक ठिपका अजून हट्टानं बसलेला.
"ह्या खेपेला लागोपाठ दोन रात्री पाणी आलं,"
चोरी कबूल केल्यासारखं तिनं सांगितलं,
आणि लपेचना म्हणून
कवळीभर हसली.