इतर

मी कन्नमवार नगरात झेरॉक्स काढतो.
डीटीपी, लॅमिनेशन, पॅनकार्डाचे फॉर्म,
आणि निकाल लागले की नुसते बायोडाटा.

पोरं पेनड्राइव्ह देतात, स्टुलावर टेकतात,
मागे कोणी नाहीसं बघून हळूच म्हणतात,
"दादा, कॉलेजचं नाव जरा बारीक करा ना."

करतो.
चौदाचं बारा, बाराचं नऊ.
नाव लांबलचक, संस्थापकांच्या वडिलांपासून सुरू होतं,
मध्ये कैलासवासी येतं, शिक्षण प्रसारक येतं,
एका ओळीत म्हणून मावत नाही.
नऊवर मावतं.
मुंग्यांची रांग चालल्यासारखं दिसतं
आणि पोरांचे खांदे सैल होतात.

त्या कॉलेजचा जिना मला पाठ आहे.
खाली सहकारी बँक, वर लग्नाचा हॉल,
त्याच्याही वर आम्ही.
वैशाखात जमिनीतून सनई यायची, जिलबीचा वास यायचा,
आणि बागवान सर ताळेबंद शिकवायचे
सनईच्या वर आवाज काढून.
तासिका तत्त्वावर होते. तास तेवढे पैसे.
तरी घंटा झाल्यावर वीस मिनिटं थांबायचे,
"कुणाचं जुळत नाहीये? आण इकडे."
ती वीस मिनिटं बायोडाटात कुठल्या रकान्यात टाकायची
हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

दर्शिता पेडामकर तीनदा आली.

पहिल्यांदा, कंपनीचा ऑनलाइन फॉर्म भरायला.
कॉलेज निवडा, म्हणत होता, खाली यादी.
मी माउसचं चाक फिरवत गेलो
ए पासून झेडपर्यंत, मग उलटा.
ती स्क्रीनला नाक लावून,
मतदानाच्या दिवशी यादीत आपलं नाव शोधावं तशी.
अगदी तळाला होतं: इतर.
"टाका," म्हणाली, "ओळखीचा शब्द आहे.
माझ्या जातीच्या दाखल्यावरपण आहे."
हसली. मी हसावं की नाही ते कळेना,
एंटर दाबलं.

दुसऱ्यांदा, पवईहून परस्पर.
साहेब वाईट नव्हता, म्हणाली. पाणी विचारलं.
कागद वाचत वाचत नऊच्या अक्षरांशी आला,
चष्मा कपाळावर सरकवला.
"हे नेमकं कुठे आलं?"
"विक्रोळीत. बँकेच्या वर."
"नाही, म्हणजे..."
आणि त्याने कागद उलटून पाहिला.

मागे काही नव्हतं.
मागे काही नसतंच, मी एका बाजूला छापतो, दोन रुपये.
पण त्या रात्री शटर ओढताना
उरलेली एक प्रत हातात आली आणि मी ती उलटून धरली.
इथे बसली असती तिची चार ते दहाची मेडिकलमधली नोकरी,
इमारतीतल्या बायकांची भिशी, तीन वर्षं,
एक रुपया इकडचा तिकडे नाही.
बसले असते बागवान सरही, कोपऱ्यात.

माझं स्वतःचं प्रमाणपत्र गल्ल्याखाली आहे.
मशीन नवं आणलं तेव्हा हात बसावा म्हणून
पहिलं तेच लॅमिनेट केलं.
कॉलेजच्या नावावर नेमका हवेचा फुगा राहिला.
अंगठ्याने दाबला की सरकतो.
जात नाही.

तिसऱ्यांदा आली तेव्हा मी न विचारताच नऊ केलं.
"राहू द्या," म्हणाली. "चौदाच असू द्या."
"दोन ओळी जातील."
"जाऊ द्यात."
"मग खालचे छंद उडवावे लागतील."
"उडवा. वाचन, पर्यटन...
पर्यटन कुठे केलंय मी, दादा?"

दहा प्रती घेतल्या. सुटे वीस दिले.

त्यानंतर आली नाही.
नोकरी लागली असेल.
नाहीतर टागोर नगरात जात असेल,
तिकडे आता दीड रुपयात काढतात.