छोटा गट, निरीक्षणवही

नव्या अभ्यासक्रमाची फाइल निळी आहे.
गोवईकर सरांनी ती जूनमध्ये दोन्ही हातांनी दिली,
प्रसाद द्यावा तशी.
आत रकाने. एकेका मुलाचे बत्तीस.
कात्री नीट धरतो.
पाळी येईपर्यंत रांगेत थांबतो.
भावना शब्दांत सांगतो.
पुढे तीन चौकोन: होय, अंशतः, अद्याप नाही.

'अद्याप' मला आवडला.
बाकीची फाइल कुणी लिहिली ठाऊक नाही,
पण ज्याने हा एक शब्द घातला
त्याच्या मांडीवर कधीतरी
एखादं मूल पेंगलेलं असणार.

आमची शाळा मुलांची, म्हणजे मुलग्यांची.
सहकारनगरच्या चढावर. तळजाईकडून वारा सुटला
की बुटांच्या फळीवर पाचोळा येऊन बसतो,
आणि सव्वीस जोडांपैकी निम्मे
उलट्या पायांत घरी जातात.

कोपऱ्यात भातुकली आहे:
पत्र्याची शेगडी, शिट्टी हरवलेला कुकर, दोन लाटणी,
आणि एक बाहुली. चांगुणामावशींनी तिला
जुन्या इरकलीच्या काठाचा परकर शिवला.
वर्गात मुलगी नाही, तेव्हा आई कोण
हे रोज नव्याने ठरतं.
सोमवारी तय्यब आई होता,
त्याने सगळ्यांना दटावून जेवू घातलं.
मंगळवारी शर्विल आणि निहार, दोघंही.
मी काही विचारायच्या आत ओजस म्हणाला,
असतात बाई दोन. एक डब्याची, एक ऑफिसची.

जुलैच्या बैठकीत समितीचे एक सभासद म्हणाले,
मुलग्यांच्या शाळेत लाटणं कशाला?
त्यांच्यासमोर चहा होता,
बशीत ओतून गार होत असलेला.
तो कुणी केला, हे मी विचारलं नाही.
नोकरीला अकरा वर्षं झाली की
काही वाक्यं तोंडातच विरघळवता येतात.
ठराव झाला: भातुकलीच्या जागी बांधकाम-कोपरा.

ठोकळे आले. लाकडी, महाग, वासाचे.
पहिल्याच दिवशी मुलांनी भिंत बांधली,
भिंतीला दार ठेवलं,
मग सगळे थांबले.
घर तर झालं, आत काय?
तय्यब उठला, मावशींच्या कपाटामागून
शेगडी घेऊन आला.
मी फळा पुसत होते.
पुसलेलाच फळा.

आणि बुधवारी वेदांग ढमढेरे,
जो ऑगस्टपासून वर्गात एक शब्द बोलला नव्हता
(रकाना चौदा, अद्याप नाही),
बाहुली खांद्यावर टाकून
खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.
तिच्या पाठीवर थाप. थाप. थाप.
मध्येच थांबून कान लावायचा,
ढेकर आला का.
त्यांच्याकडे बाळ झाल्याचं मला
घरच्यांनी नाही, व्हॅनवाल्या काकांनी सांगितलं होतं.

तेवढ्यात कुकर पडला, ओजस किंचाळला,
आणि वेदांग वळून म्हणाला,
"हळू! आत्ताच झोपलंय."

आवाज जरा घोगरा होता,
बरेच दिवस न उघडलेल्या खिडकीसारखा.
सव्वीस मुलं, त्यातली तेरा एरवी
नळावरसुद्धा रांग लावत नाहीत,
एकदम चवड्यांवर आली.

दारात गोवईकर सर उभे. हातात निळी फाइल.
काहीतरी मोठ्याने सांगायला आले होते.
शर्विलने ओठांवर बोट ठेवलं.
सरांनी बूट काढले, वाकले,
आणि कुजबुजत विचारलं,
"मुलगा की मुलगी?"

वेदांगने त्यांच्याकडे पाहिलं,
इतकंही कळत नाही या माणसाला, अशा नजरेने.
"बाळ," तो म्हणाला.

रकाना चौदा मी त्या दुपारी भरला,
पेन्सिलने.
गुरुवारी तो पुन्हा गप्प होता,
आणि त्याच्या डब्यातल्या सहा शंकरपाळ्यांपैकी एक
बाहुलीच्या परकरात सापडली.
त्याला रकाना नाही.
समासात लिहून ठेवलंय.