शक्यतो

मसुदा सातव्यांदा परत आलाय.
कलम चौदा, उपकलम ग:
'ऋणको कारखान्यातील सांडपाणी शक्यतो
प्रक्रिया करूनच बाहेर सोडील.'
मंगळवारी मी तो शब्द खोडला होता.
बुधवारी तो परत जागेवर,
जणू चहाला गेला होता.

कॅनडा कॉर्नरच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर
आमचा विधी विभाग: दोन टेबलं, एक कपाट,
कपाटात माझा काळा कोट.
नऊ वर्षांत त्याला फक्त डांबरगोळ्यांचा वास लागलाय.
आई शेजारणीला अजून सांगते, ती कोर्टात असते.
मी बसते त्या खोलीत
जिथं भांडण अजून व्हायचंय.

कर्ज विभागाचे निमसेसाहेब. वाईट माणूस नाही.
म्हणाले, मॅडम, अठरा कोटी आहेत.
हरित कर्जाचा फ्लेक्सही छापून आलाय,
नाण्याला पालवी फुटलेली.
एका शब्दानं बागड्यांना काय फरक पडतो?
म्हटलं, काहीच पडत नसेल
तर काढूया की.

शनिवारी स्कूटी घेऊन अंबडला गेले.
कुणी पाठवलं नव्हतं, पेट्रोल माझंच.
शेडमध्ये बाथरूमचे नळ चकाकत होते,
ओळीनं, नवरदेवासारखे.
मागच्या भिंतीशी एक पाइप, नकाशात नसलेला.
त्याच्या तोंडाशी पिवळं पाणी,
तिथलं गवतही त्याच रंगाचं.
वॉचमन म्हणाला, 'पावसाळ्यात सोडतात ताई,
एरवी शक्यतो नाही.'

तिथून नाला, नाल्यापुढं नासर्डी, नासर्डीपुढं गोदावरी.
नदीचं वकीलपत्र माझ्याकडे नाही.
मी बँकेची वकील.
म्हणून अभिप्रायात नदीबद्दल
एक अक्षर लिहिलं नाही.
लिहिलं: मंडळाची नोटीस आली तर कारखान्याला टाळं,
टाळं लागलं की हप्ते थांबणार,
आणि तारण घेतलेला भूखंड लिलावात उचलणार कोण,
खालचं पाणी पिवळं असताना?
सव्वा पान. सही, तारीख, शिक्का.
नदी बैठकीत आली ती अशी,
थकबाकीच्या दारानं.

निमसेंनी चष्मा कपाळावर सरकवला,
दोनदा वाचलं.
'शब्द काढा. पण मुदत द्या, अठरा महिने.'
मी कॅलेंडर उलटवून पावसाळे मोजले. दोन.
बारावर तडजोड झाली.
म्हणजे एक पावसाळा मी पिवळ्या पाण्याला दिला,
माझ्या सहीनं,
आणि त्या दिवशी सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं.
सामोसे बुधा हलवाईकडचे नव्हते, तरी चांगले होते.

साडेसातला फोन थरथरला. कधी येतेस?
लिहिलं, शक्यतो आठपर्यंत.
पहिला शब्द खोडला.
घड्याळाकडे पाहिलं,
टेबलावरच्या दुसऱ्या फायलीकडे पाहिलं,
आणि परत लिहिला.