अनामत

आमची पार्ल्याची इमारत पाडायला घेतली
तेव्हा बाकीच्या अकरा बिऱ्हाडांनी त्याच गल्लीत, फार तर पुढच्या,
भाड्याची घरं बघितली. दूधवाला बदलायला नको म्हणून.
मी बिल्डरचा चेक वटवला,
मार्व्याच्या धक्क्यावर होडीत बसले
आणि मनोरीला उतरले.
मार्गशीर्ष, पौष, माघ. एवढीच बोली.

एजंट म्हणाला, मॅडम, इथे लोक शनिवारी येतात,
रविवारी संध्याकाळी जातात.
म्हटलं, मी सोमवारची आहे.

घरमालकीण सेरफिना कोलासो.
लसूण सोलता सोलता तिने अटी सांगितल्या:
भिंतीला खिळा नाय. विहिरीत बालदी हळू सोडायची.
मागे बोंबील सुकतील, नाक मुरडायचं नाय.
मे महिन्यात डॉमनिक बहारीनहून येतो, खोली त्याची.
दहा हजार अनामत तिने दोनदा मोजली
आणि फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकली.

खिळ्याची अट माझ्या पथ्यावरच पडली.
ह्यांचा फोटो बॅगेत, शालीखाली.
ह्यांना मासळीचा वास सोसत नसे.

पहिला आठवडा झोप नाही.
तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई मी;
समुद्र म्हणजे काढून ठेवलेला रिसीव्हर,
लाईन चालू, पलीकडे कुणीतरी श्वास घेतंय
आणि नाव सांगत नाही.
एकदा पहाटे तीनला खिडकीतून म्हटलंही, हॅलो.
शेजारचं कुत्रं उठून बसलं.

मिठाला पाणी सुटलं. काडी पेटेना.
मुलगा विचारी, आई, तू तिथे दिवसभर करतेस काय?
बोंबील कसे अडकवतात ते शिकत होते:
जबड्यात जबडा, जोडीजोडीने, वलांडीवर.
चार दिवस लागले.
पाचव्या दिवशी सेरफिनाने माझी सगळी रांग
सोडवून परत लावली. बोलली काहीच नाही.

नाताळच्या रात्री मिस्सा संपवून ती दारात,
एका हातात नेवऱ्यांची बशी, दुसऱ्यात मोबाईल.
डॉमनिकला लागत नव्हता.
मी आकडे दाबले. नऊ सात तीन, अजून तोंडपाठ,
आणि घशातून तो जुना आवाज आला, इस्त्रीचा:
बोला, पार्टी लाईनवर आहे.
मग बाहेर जाऊन उभी राहिले.
दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही असा आमच्याकडे नियम होता.
ऐकायच्या सगळ्याच.
त्या रात्री मी खरोखर ऐकलं नाही. भरती होती.

पौषात थंडी आली, म्हणजे मुंबईची थंडी:
सकाळी शाल घ्यावी, दहाला तिची लाज वाटावी.
शाल काढताना फोटो हाताला लागला.
खिडकीच्या कठड्यावर टेकवला, तोंड पाण्याकडे करून.
म्हटलं, सोसा आता.

पहाटे मतलई सुटे. सेरफिना म्हणे,
हा वारा जमिनीवरून निघतो, घराघरातला वास घेऊन,
होड्या ढकलत दर्यात जातो.
दुपारी खारा वारा त्याला परत आणतो.
रोज? मी विचारलं.
रोज. रागावला तरी.

माघ संपला. खिडकीची एक काच फुटली होती,
तिचे दोनशे कापून बाकी अनामत तिने हातात दिली,
वर सुकटीची पुडी.
कठड्यावर फोटोच्या चौकटीने गंजाची रेघ उमटवली होती.
ती पुसायला गेले तर म्हणाली, ऱ्हाव दे,
डॉमनिकला कळंल कोण राहून गेलं ते.

आता बोरिवलीत दहाव्या मजल्यावर आहे.
दुपारी पडदा जरा हलला की उगाच घड्याळ बघते.
बँकेत पैसे भरायला गेले तेव्हा
काउंटरवरच्या मुलीने नोटा हातात घेतल्या, थबकली,
एक नोट हळूच नाकाशी नेली.
मॅडम, बोंबील?

मी म्हटलं, मोजा.
मोजून झाल्यावर त्यातली एक मागे घेतली.