घोड्यांची मोजणी

कुनो, तुझे मास्तर फळ्यावर लिहितात ते खोटं नाही.
साराजेव्होत युवराजाला गोळी लागली,
मग ऑस्ट्रिया, मग रशिया, मग आपण,
दिलेले शब्द, आणि त्या शब्दांना बांधलेले आणखी शब्द.
तेच लिही. पाच गुण आहेत त्याला.

पण मी लोहार.
मला विचारशील तर लढाई आमच्या अंगणात आली
त्याच्या पाच वर्षं आधी, एप्रिलात,
एका चष्मेवाल्या कॅप्टनच्या काखेतून, वही होऊन.
त्यानं लिझेचा ओठ उचलून दात पाहिले,
खांद्यापाशी उंची मापली,
नाल बघून म्हणाला, काम चोख आहे.
मी फुशारलो. खोटं कशाला बोलू.

वहीत रकाने होते.
घोडी, तांबडी, सात वर्षं.
स्टेशन ऑर्टेल्सबुर्ग. डबा चौदावा, डब्यात सहा घोडे.
दिवस तिसरा, सकाळी नऊ चाळीस.
कशाचा तिसरा, ते काही बोलला नाही.
वर्षाची जागा कोरी.

दर एप्रिलात यायचा.
नऊ चाळीसचे नऊ पंचवीस झाले, मग नऊ दहा.
वर्ष कोरंच.

सीमेपलीकडे विन्सेंटी होता, तोही लोहार.
बाजाराच्या दिवशी एका बाकावर आमची बिअर.
म्हणायचा, आमच्याकडेही मोजतात रे,
तुम्ही मोजता म्हणून.
मी म्हटलं, आमचा कॅप्टन हेच सांगतो, उलटीकडून.
हसलो आम्ही. डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

त्यांचे रूळ दरसाल सीमेकडे सरकत होते.
कॅप्टन बोटांवर मोजायचा :
अजून तीन वर्षं, की त्यांचे रूळ पुरे,
मग आपण कितीही धावलो तरी वरातीमागून घोडं.
सगळेच बिचारे होते, असं नाही म्हणत मी.
पण भ्यालेला माणूस हिशेब फार नीट करतो.

ऑगस्टात, तिसऱ्या दिवशी,
फलाटावर स्टेशनमास्तर ब्रोझियोला विचारलं,
एखादी गाडी मागे वळवायची म्हटली तर?
त्यानं घड्याळावरून नजर काढली नाही.
म्हणाला, मागून सोळा येतायत.

नऊ दहा. मिनिटाचा फरक नाही.

लिझेची पावती ट्रंकेत आहे, शिक्क्यासकट.
विन्सेंटीचं काय झालं, ठाऊक नाही.
आणि आदल्या रात्री कंदील लावून
मी तिला चारही नाल नवे ठोकले होते,
कुणी सांगितलं नसताना.
हे कुठल्या कारणाखाली लिहायचं
तेवढं मास्तरांना विचारून ये.