साकव

पहाटे दोन वाजून अकरा मिनिटांनी मेल आला.
खाते स्थगित. कारण दोन ओळींचं:
आपले पान केवळ पुढे पाठवण्यासाठी आहे.
त्यावर स्वतःचे असे काही आढळले नाही.

लाइट गेलेली, पंखा थांबलेला.
मोबाइलच्या उजेडात मी ते तीनदा वाचलं,
लग्नाच्या बैठकीत कुणी माझ्याबद्दलच बोललं असावं तसं.

तीन वर्षं मी शब्द विकत घेते.
'मालवण स्नॉर्कलिंग', डिसेंबरात क्लिकला बेचाळीस रुपये,
जूनमध्ये कुणी ढुंकून बघत नाही.
'तारकर्ली बोट स्वस्त', अकरा.
'पोहता येत नाही तरी स्कूबा', साडेतीन;
हा शब्द मी शोधलेला, कुणाला सांगितला नव्हता.
माणूस माझ्या पानावर येतो, तिथून कंपनीच्या पानावर,
बुकिंग झालं तर शंभरातले सहा माझे.
नाही झालं तर बेचाळीस गेले खाडीत.

नियम मला पाठ होते.
कंपनीच्या नावावर बोली लावायची नाही,
एक काना सुटलेल्या नावावरसुद्धा नाही,
लावली तर महिन्याचं कमिशन बाद.
'सर्वात स्वस्त' म्हणायचं तर पुरावा हवा.
जाहिरातीत जो पत्ता, तोच दारावर हवा.
आईला हे सगळं समजावलं
तेव्हा ती आदोळीवर तिसऱ्या उघडत होती.
म्हणाली, "नाव तेंचा, बरा.
मगे पाणी कोणाचा?"

स्वतःचे असे काही.
आमच्या वाडीत व्हाळावर साकव होता.
पोफळीचे चार सोट, वर बांबूच्या कामट्या, काथ्याच्या गाठी.
जयवंत मेस्त्री दर मिरगाआधी तो नवा घालायचे,
एखाद्या वर्षी श्रावणातच व्हाळ घेऊन जायचा,
की पुन्हा घालायचे.
त्यावरून शाळा गेली, बाळंतीण गेली,
डोक्यावरून गणपती आले.
पलीकडे तुमचं काय आहे, असं मेस्त्रींना
कुणी कधी विचारलं नाही.

अपिलात पाचशे अक्षरं मिळतात.
मी साकवाबद्दल लिहिलं. खोडलं.
तुम्ही नेमकं काय शोधलंत, असं लिहिलं. तेही खोडलं.
मग लाज वाटली, कारण आठवलं
की तीनेक हजार माणसं मी समुद्रात धाडली
आणि स्वतः एकदाही त्या बोटीत बसले नव्हते.
मला पोहता येत नाही.

रविवारी मीननाथ कुबलच्या बोटीतून गेले.
"पैसे नको गो," म्हणाला, "दिवाळीक तुझ्याच लिंकार गिऱ्हाईक इला."
डिझेलचा वास. मास्कच्या रबरात
आधीच्या कुणाचा तरी लांब केस.
नाकात खारं पाणी, दातांत नळी,
आणि खाली, अगदी हातभर खाली,
एक पिवळा-काळा मासा
माझ्याकडे न बघता कामाला निघालेला.
मी किंचाळले. नळीतून भोंगा वाजला.
मीननाथ हसून हसून वल्ह्यावर आडवा.

तो केस, तो भोंगा,
पोहता न येणाऱ्याने बोटीची कुठली कड धरावी,
सकाळी मिसळ का खाऊ नये,
सगळं पानावर लिहिलं.
फोटो वाईट आलेत, तेही टाकले.
अपिलात एवढंच: आता बघा.

आज नववा दिवस. आढावा सुरू आहे.
'मालवण स्नॉर्कलिंग' टाकलं की
वरच्या चारही जागा मोठ्या कंपन्यांच्या,
खाली नकाशा,
त्यात मीननाथच्या धक्क्याचं नाव चुकलेलं.

व्हाळावर आता सिमेंटचा पूल आहे.
मेस्त्री रोज संध्याकाळी त्यावरून जातात,
मध्यावर थांबतात,
कठडा हाताने हलवून बघतात.
हलत नाही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा बघतात.